बेरीज बरोबर, हिशेब चूक

विजेच्या मीटरवर बिलाचा आकडा कधीच दिसत नाही. बसवल्या दिवसापासून आजवर किती युनिट झाले, तेवढंच मीटर सांगतो. बिल हवं असेल तर या महिन्याच्या रीडिंगमधून गेल्या महिन्याचं रीडिंग वजा करावं लागतं. म्हणजे मीटरवर असते ती रनिंग टोटल आणि बिलावर येतं ते सबटोटल. हुबळीच्या नवनगरात मुख्यालय असलेल्या हेस्कॉम या वीज कंपनीच्या सात जिल्ह्यांत हे दर महिन्याला घडतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. विशेष वाटतं ते मीटर बदलला की. समजा, मागचं बिल ८,४१२ वर निघालं, जुना मीटर ८,४६० वर असताना काढला आणि महिनाअखेरीस नवा मीटर ३७ दाखवतोय. वापर झाला ४८ अधिक ३७, म्हणजे ८५ युनिट. माणसाला हे सांगावं लागत नाही. यंत्राला मात्र 'इथे मीटर बदलला' ही नोंद कुणी दिली नसेल, तर ते ३७ मधून ८,४१२ वजा करून मोकळं होतं. ती वजाबाकी बिनचूकच असते. डेटाबेसवरून रिपोर्ट बनवण्याच्या कामात 'टोटल चुकली' म्हणून जी तक्रार येते, ती बहुतेक वेळा याच जातीची असते. बेरीज-वजाबाकी बरोबरच असते. ती कुठून सुरू करायची, कुठे थांबवायची आणि कोणत्या क्रमाने करायची, हे कुणी ठरवलेलं नसतं. सबटोटलला सीमा लागते, रनिंग टोटलला क्रम लागतो. या दोन्ही गोष्टी हिशेबाच्या मालकाने ठरवायच्या असतात. त्याने त्या ठरवल्या नाहीत तर सॉफ्टवेअर आपल्या सवयीने ठरवतं, आणि आपण काही ठरवलंय हे सांगतही नाही.

आमच्या धंद्यात ही भानगड कॉम्प्युटरबरोबर आली असा समज आहे. तो खरा नाही. जुन्या वहीखात्यात कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या का होत्या, याचा विचार केला तर उत्तर तिथेच आहे. कीर्दीत नोंदी दिवसाच्या क्रमाने येतात आणि शिल्लक ओळीओळीने पुढे सरकते. पान संपलं की खाली बेरीज, आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून' म्हणून तोच आकडा. खतावणीत त्याच नोंदी खातेवार लागतात आणि प्रत्येक खात्याखाली त्याची स्वतंत्र बेरीज येते. एकाच व्यवहाराच्या या दोन मांडण्या. एकीत क्रम राज्य करतो, दुसरीत सीमा. दोन्हींचा मेळ बसतो की नाही हे पाहणं म्हणजे ताळा. जमिनीच्या दप्तराची रचनाही वेगळी नाही. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे इथल्या जुन्या माणसांना गाव नमुने परके नाहीत. सातबारा जमिनीच्या तुकड्यावर चालतो, आठ-अ खातेदारावर, आणि गावाचं सगळं क्षेत्र आकारबंदात असतं. सातबारांची बेरीज करा नाहीतर आठ-अची, आकारबंदाशी ती जुळलीच पाहिजे. गंमत म्हणजे इथल्या कन्नडातही बेरजेला 'बेरीजु', गोषवाऱ्याला 'तेरीजु' आणि ताळा पाहण्याला 'ताळे' म्हणतात. दोन भाषांचं दप्तर एकाच कपाटात किती काळ होतं, त्याची ही खूण. क्रिस्टल रिपोर्ट्स या रिपोर्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधले ग्रुप हेडर, डिटेल्स आणि ग्रुप फूटर हे पट्टे मला खतावणीच्या पानाहून फारसे निराळे वाटत नाहीत.

सीमेचा प्रश्न हुबळी-धारवाडात बसून रिपोर्ट करणाऱ्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९६२ मध्ये महानगरपालिका एक झाली, पण गावं दोन, रेल्वे स्टेशनं वेगळी, तालुकेही वेगळे. मधल्या उणकल, नवनगर, अमरगोळ या वस्त्या कुणाच्या खात्यात धरायच्या, हे प्रत्येक दुकान आपापल्या सोयीने ठरवतं. मार्केट यार्ड अमरगोळला आहे, पण माल 'हुबळी मार्केट'चा म्हणूनच ओळखला जातो. त्यात १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या बारा शहरांची इंग्रजी नावं अधिकृतपणे बदलली आणि हुबळीचं जुनं स्पेलिंग जाऊन 'हुब्बळ्ळी' असा उच्चार दाखवणारं नवं आलं. माणूस दोन्ही स्पेलिंगं वाचतो आणि एकच गाव समजतो. ग्रुपिंगला ही दोन गावं दिसतात. मग गिऱ्हाइकांच्या यादीत जुन्या नावाखाली एक सबटोटल, नव्या नावाखाली दुसरं, आणि एखाद्या नोंदीत शेवटी चुकून स्पेस पडली असेल तर काही ठिकाणी तिसरं. एकूण बेरीज यातल्या कशानेही हलत नाही, इथेच खरी मेख आहे. तपासणारा माणूस सवयीने शेवटचं पान उघडतो, ग्रँड टोटल जुळते का पाहतो, जुळते म्हणून सही करतो. गटांच्या सीमेची चूक ग्रँड टोटलमध्ये कधीच सापडत नाही, कारण एका गटातून गळलेली रक्कम दुसऱ्या गटात सुखरूप असते.

ही चूक निदान ओशाळवाणी तरी आहे. दाखवली की दुरुस्त होते. याहून अवघड प्रकार म्हणजे सीमाच सरकलेली असणं. १९९७ मध्ये धारवाड जिल्ह्यातून गदग आणि हावेरी वेगळे झाले. जिच्या नावाने इथला मिरचीबाजार ओळखला जातो ती ब्याडगी तेव्हापासून हावेरी जिल्ह्यात आहे. आता 'धारवाड जिल्हा, वर्षवार' असा लांब पल्ल्याचा तक्ता काढला की त्या वर्षाला आकडा कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. पीक बुडालेलं नसतं, व्यापारही नाही. फक्त रेघ हललेली असते. यावर दोन प्रामाणिक उत्तरं आहेत. त्या-त्या वर्षी जी सीमा होती ती धरावी, किंवा आजच्या सीमेने मागचे सगळे आकडे पुन्हा लावावेत. दोन्ही चालतील. कोणतं धरलं हे रिपोर्टच्या डोक्यावर न लिहिणं मात्र चालणार नाही. काळाच्या सीमेचंही तसंच. बहुतेक सॉफ्टवेअरांची पहिली तिमाही जानेवारीत सुरू होते, आपली एप्रिलमध्ये. पाडव्याला नवी वही घालणाऱ्या पेढीलाही आयकरासाठी १९८९ पासून ३१ मार्चलाच वर्ष बंद करावं लागतं. म्हणजे रनिंग टोटल शून्यावर कधी आणायची, या साध्या प्रश्नाला एकाच दुकानात दोन उत्तरं असू शकतात. मालकाला पाडव्यापासूनची विक्री हवी असते, सीएला एप्रिलपासूनची. दोघेही 'या वर्षाची' एवढंच म्हणतात.

क्रमाचा प्रश्न याहून निसरडा आहे, म्हणून थोडं थांबतो. सबटोटलला क्रमाशी घेणंदेणं नसतं; पाच आकडे कसेही लावा, बेरीज तीच. रनिंग टोटलचा शेवटचा आकडाही तोच राहतो, पण मधली प्रत्येक ओळ क्रमावर अवलंबून असते. खात्यात २,००० रुपये आहेत आणि १५ एप्रिलला ५०० व ३०० असे दोन भरणे झाले. पासबुकात पहिल्या ओळीवर २,५०० आणि दुसऱ्या ओळीवर २,८०० दिसायला हवेत. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेत ओळीओळीने बेरीज पुढे नेण्याची ही सोय विंडो फंक्शन्समुळे आली. एसक्यूएलच्या २००३ च्या मानकात त्यांना स्थान मिळालं, एसक्यूएल सर्व्हरमध्ये रनिंग टोटल सरळ २०१२ च्या आवृत्तीपासून करता येऊ लागली आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली आठव्या आवृत्तीत. त्याआधी लोक कर्सर फिरवत बसायचे. पण 'ऑर्डर बाय' मध्ये नुसती तारीख दिली आणि पुढे काही सांगितलं नाही, तर ही फंक्शन्स एका तारखेच्या सगळ्या ओळी एकत्र धरतात, आणि १५ एप्रिलच्या दोन्ही ओळींवर २,८०० छापून येतात. शेवट बरोबर, म्हणून कुणाला कळत नाही. कळतं ते पासबुक हातात घेऊन बोट ठेवत वाचणाऱ्या खातेदाराला. आता यात सॉफ्टवेअरला दोष द्यावा का? तसंही नाही. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर निघतं. त्याआधी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर निघायचं. रोजच्या शिलकीसाठी दिवसअखेरचा आकडा लागतो, आणि तिथे १५ एप्रिलला २,८०० हेच उत्तर बरोबर आहे. एकच आज्ञा, एकच डेटा. पासबुकासाठी उत्तर चूक, व्याजासाठी बरोबर. पासबुक हवं असेल तर तारखेपाठोपाठ व्हाउचर नंबरही क्रमात द्यायला हवा. ते सांगणं माणसाचं काम.

रनिंग टोटलची ही कटकट नको म्हणून नुसत्या सबटोटलांवर भागवावं, असंही काही जण सुचवतात. भागत नाही, कारण काही प्रश्न 'किती' असे नसून 'केव्हा' असे असतात. मालाच्या व्यापाऱ्याला जीएसटी नोंदणीसाठी ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. वर्षाचं सबटोटल 'ओलांडली' एवढंच सांगेल. कोणत्या बिलाला ओलांडली, हे सांगणारी ओळ रनिंग टोटलमध्येच असते. मागच्या तारखेचं एखादं बिल उशिरा चढवलं, की ती ओळ आणखी वर सरकू शकते. म्हणून नोंद व्यवहाराच्या तारखेने लावायची की चढवल्याच्या तारखेने, हाही प्रश्न आलाच. बँका दोन्ही तारखा जपून ठेवतात. छोट्या दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळदा एकच असते.

आता अडत दुकानाची एक पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद, जवळून पाहू. आकडे समजण्यापुरतेच आहेत. शेतकऱ्याने सुक्या मिरचीची तीन पोती आणली. वजनं ४२, ४० आणि ४० किलो, एकूण १२२. कपाती दोन: गाडीभाडं ६० आणि हमाली ४५, एकूण १०५ रुपये. वजनांचं टेबल वेगळं, कपातींचं वेगळं, दोन्हीत पट्टी नंबर समान. नवशिका माणूस त्या नंबरावर दोन्ही टेबलं जोडतो. प्रत्येक पोत्यासमोर प्रत्येक कपात उभी राहते आणि पाच नोंदींच्या सहा ओळी होतात. वजन दुप्पट होऊन २४४, कपात तिप्पट होऊन ३१५. आणि पट्टीचं सबटोटल, दिवसाची बेरीज, महिन्याची बेरीज ही सगळी एकमेकांशी झकास जुळतात, कारण सगळी त्याच फुगलेल्या सहा ओळींवर उभी आहेत. आतल्या आत जुळणं म्हणजे ताळा नव्हे, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. मग कुणीतरी 'डिस्टिंक्ट' नावाची जडीबुटी सुचवतं: सारखे आकडे एकदाच धरा. कपात १०५ वर येते, सगळे खूश. वजन मात्र ८२ होतं, कारण ४० किलोची दोन पोती यंत्राला एकच वाटतात. तिन्ही पोत्यांची वजनं निराळी असती तर हाच उपाय बरोबर ठरला असता, म्हणूनच तो चाचणीत पास होतो आणि सुगीत नापास होतो. क्रिस्टलमध्ये रनिंग टोटलला 'हे फील्ड बदलेल तेव्हाच मोज' असं सांगता येतं. पोत्याचा नंबर बदलला की वजन धर, असं सांगितलं तर १२२ मिळतात. पण त्यासाठी ओळी पोत्यांच्या क्रमाने लावाव्या लागतात, आणि त्या क्रमात कपात दर ओळीला बदलते. एका क्रमात दोन्ही बसत नाहीत. सरळ मार्ग एकच: आधी प्रत्येक टेबलाची पट्टीवार बेरीज करा, मग पट्टीगणिक एकेक ओळ जोडा. खतावणी घालणारा कारकून नेमकं हेच करायचा, त्याला जॉइन हा शब्द माहीत नसताना.

लपवाछपवीबद्दल थोडक्यात सांगतो. रिपोर्टमध्ये ओळ दिसू नये म्हणून ती दडपता येते. दडपलेली ओळ कागदावर येत नाही, पण साध्या सबटोटलमध्ये ती असतेच, कारण सॉफ्टवेअर आधी सगळ्या नोंदी वाचून गटांच्या बेरजा करून ठेवतं आणि छपाई नंतर करतं. गटच्या गट गाळला तरी ग्रँड टोटलमध्ये तो राहतो. त्यामुळे कागदावरच्या ओळी कॅल्क्युलेटरवर मारून पाहणाऱ्याला वेगळंच उत्तर येतं, आणि त्याच्या लेखी मशीन खोटं ठरतं. याउलट रनिंग टोटल छपाईबरोबर चालते, म्हणून ती गटाच्या वरच्या पट्ट्यात ठेवली तर तिथे पहिल्याच नोंदीची रक्कम दिसते. सरासरीचा घोळ तर याहून जुना. एका मार्गावर बस १,००० किलोमीटर धावली, किलोमीटरमागे ४० रुपये उत्पन्न. दुसऱ्यावर १०० किलोमीटर, ६० रुपयांनी. डेपोची सरासरी ५० नाही, ४१.८२ आहे. सबटोटलांची बेरीज होते, सरासऱ्यांची सरासरी होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळं प्रोग्रामरच्या कच्चेपणाचं रडगाणं आहे. चांगला माणूस नेमा, प्रश्न मिटेल. अर्धं खरं आहे. सहा ओळींची चूक चांगला माणूस करणार नाही. पण ब्याडगी कुणात धरायची, वर्ष पाडव्यापासून की एप्रिलपासून, एका दिवसाचे दोन भरणे वेगळे की एकत्र, हे चांगल्यातला चांगला प्रोग्रामर आपल्या मनाने ठरवू शकत नाही. ठरवू नये. तो फार तर विचारील, आणि त्याने विचारलं की 'एवढं काय विचारता, नेहमीसारखं करा' हे उत्तर जिथे मिळतं, तिथे दोष त्याचा राहत नाही. दुसरा आक्षेप: आता पानंच उरली नाहीत, सगळं पडद्यावर, मग 'मागील पानावरून'चे सोपस्कार कशाला? पान गेलं हे कबूल. पण पानाखालच्या बेरजेचं काम कागद सांभाळणं हे नव्हतंच. चूक झाली तर ती कोणत्या पानात अडकली आहे, हे त्या बेरजेवरून कळायचं. शोध तीनशे पानांवरून एका पानावर यायचा. पडद्यावर एकच मोठा आकडा ठेवला की ही सोय जाते. आकडा चुकला हे कळतं, कुठे चुकला हे कळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो मी पूर्णपणे खोडू शकत नाही: ताळा तरी कुठे भरवशाचा असतो? खरंच नसतो. अंकांची बेरीज करून पाहणारा नवाचा ताळा ६३ आणि ३६ यांतला फरक ओळखत नाही. उलट दोन बेरजांतला फरक नवाने तुटला की अंकांची अदलाबदल झाली असावी, असा अंदाज जुने कारकून बांधायचे. म्हणजे ताळ्याची मर्यादाच ते हत्यार म्हणून वापरायचे. रिपोर्टच्या ताळ्यालाही मर्यादा आहे. ज्या क्वेरीवरून रिपोर्ट निघाला, तिच्यावरूनच ताळा काढला तर तो आरशात बघून 'आम्ही दोघे सारखे' म्हणण्यासारखा आहे. ताळ्याची वाट वेगळी पाहिजे: जॉइन न करता, फिल्टर न लावता, थेट मूळ टेबलावरून. तरीही सीमेच्या सगळ्या चुका त्यात सापडणार नाहीत. हुबळीची दोन स्पेलिंगं त्यातूनही निसटतील. त्यासाठी गटांची संख्या मोजावी लागते. जिथे बारा गावं असायला हवीत तिथे चौदा सबटोटलं आली, तर दोन कुठून आली हे विचारायला बेरीज पाहावीच लागत नाही. वेळ जातो म्हणाल, तर हे लिहायला एकदा अर्धा तास लागतो. नंतर दर महिन्याला ते आपोआप छापून येतं.

म्हणून मागणं एवढंच. रिपोर्टच्या डोक्यावर सीमा आणि क्रम शब्दांत लिहिलेले असावेत: कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेने, कोणत्या गावांची. आणि शेवटी, ग्रँड टोटलच्या खाली, मूळ टेबलातल्या नोंदी किती, रिपोर्टमध्ये धरलेल्या किती, गट किती, आणि दोन वाटांनी आलेल्या बेरजांतला फरक किती, हे छापलेलं असावं. फरक शून्य असला तरी तो शून्य छापलेला असावा. कोरी जागा ठेवली तर ताळा पाहिला की राहून गेला हे कळत नाही. पुढचा रिपोर्ट सहीसाठी तुमच्या टेबलावर येईल, तेव्हा ती शून्याची ओळ त्यात नसेल तर सही न करता परत पाठवा.